एक गोळी हवी, दहा नकोत!

‘तुझं बी १२ किती आलं?’

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न फक्त डॉक्टर विचारायचे. आता तो ऑफिसच्या कँटीनमध्ये, जिममध्ये आणि कॉलेजच्या कट्ट्यावरही सर्रास ऐकू येतो. नोकरी लागली की कंपनीचं मेडिकल चेकअप होतं, रिपोर्ट मोबाइलवर येतो, सगळं ठीकठाक आणि एकच ओळ लाल. ती ओळ बऱ्याचदा व्हिटॅमिन बी १२ची असते, नाहीतर डीची. त्यात रिपोर्टचा मालक शाकाहारी असेल तर मग सल्ल्यांना तोटाच नाही.

मित्र म्हणतो, ‘बघ, म्हणून सांगत होतो, चिकन खायला लाग!’ घरून आईचा फोन येतो, ‘गोळ्याबिळ्या काही नकोत हं. पालक खा, बीट खा, खजूर खा. तुझ्या आजीने कधी घेतल्या होत्या गोळ्या?’ आणि मोबाइलला तर कुणी न सांगताच सगळं कळलेलं असतं. लगेच जाहिराती सुरू. केसांसाठी गमी, त्वचेसाठी कॅप्सूल, स्टॅमिन्यासाठी मल्टिव्हिटॅमिन, सोबत ओमेगा, झिंक आणि मॅग्नेशियमचा कॉम्बो पॅक.

तिघेही ठामपणे बोलतात आणि तिघांचंही कुठेतरी चुकतं. शाकाहारी माणसाने मांसाहार सुरू करायलाच हवा असं काही नाही. पालक-बीट खाऊन बी १२ वाढत नाही, हेही तितकंच खरं. आणि दहा डब्यांचा कॉम्बो पॅक तर बहुतेकांना नकोच असतो. माझं म्हणणं सरळ आहे. दूध-दही भरपूर खाणारे थोडे लोक सोडले, तर शाकाहारी माणसाला बी १२ बाहेरून घ्यावं लागतं आणि ते त्याने न लाजता घ्यावं. बाकीच्या गोळ्यांचं काम आपलं स्वयंपाकघर बऱ्यापैकी करतं.

झाडात हे व्हिटॅमिन नसतंच

बी १२चं प्रकरण इतर व्हिटॅमिनांपेक्षा वेगळं आहे. ते झाडं बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त सूक्ष्म जीव, म्हणजे बॅक्टेरिया आणि त्यांचे भाऊबंद. गाय-म्हैस चारा खाते, तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी बॅक्टेरिया असतात, ते चाऱ्यातलं थोडंसं कोबाल्ट वापरून हे व्हिटॅमिन तयार करतात. तिथून ते गायीच्या रक्तात, यकृतात आणि दुधात उतरतं. म्हणून ते मांसात, माशांत, अंड्यांत आणि दुधात सापडतं. आपल्याही मोठ्या आतड्यात असे बॅक्टेरिया आहेत, पण गंमत अशी की बी १२ शोषून घेण्याची जागा त्याच्या आधीच, लहान आतड्याच्या शेवटी येऊन गेलेली असते. माल तयार होतो, पण आपल्या उपयोगाचा नाही.

झाडांना बी १२ची गरजच नसते. त्यामुळे शेवग्याचा पाला असो, बीट असो, खजूर असो की बदाम, सगळे आपापल्या जागी गुणी, पण बी १२च्या परीक्षेत सगळ्यांना शून्य. ‘स्पिरुलिना घे, त्यात भरपूर असतं’ हे सोशल मीडियावर फार चालतं. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी १२सारखं दिसणारं, माणसाच्या शरीराला न चालणारं रूप असतं. इडली-डोशाचं पीठ आंबतं, त्यात बॅक्टेरिया असतात, म्हणून त्यातून बी १२ मिळेल असंही म्हणतात. पण तिथे काम करणारे बॅक्टेरिया मुख्यतः पीठ आंबट करणारे. त्यांच्या भरवशावर शरीर चालवता येत नाही.

बरं, लागतं तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण सव्वादोन मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम सव्वादोन. ऐंशी वर्षांच्या आयुष्याचा हिशोब मांडला तर सगळं मिळून पासष्ट मिलिग्रॅमच्या आसपास. भाजीत घालतो ते चिमूटभर मीठही त्याहून जास्त भरेल. इतक्या थोडक्यासाठी आपल्या नसा, रक्त आणि मेंदू अडून बसतात.

दूध हा शाकाहारी माणसाचा एकमेव भरवशाचा नैसर्गिक स्रोत. पाव लिटर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. म्हणजे रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात गेलं तर काम होऊ शकतं. दूध नियमित प्यायल्याने शाकाहारी तरुणांमधलं बी १२ सुधारतं, हे पुण्यातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष तपासून दाखवलंय. पण प्रामाणिकपणे सांगा, रोज अर्धा लिटर दूध कोण पितं? चहात पडतं ते दूध मोजायचं नाही. मेसमधली दह्याची वाटी तीन चमच्यांत संपते. आणि पाणीदार ताकाचा ग्लास भरलेला दिसतो, त्यात दही किती हे मेसवाल्यालाच ठाऊक.

पुण्याने जगाला सांगितलेली गोष्ट

हा विषय आपल्या अगदी घरचा आहे. भारतीयांमधल्या बी १२च्या कमतरतेवरचं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी १२ कमी होतं. २००६ मध्ये याच गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ते कमी निघालं आणि सगळ्यात जास्त प्रमाण होतं शहरातल्या मध्यमवर्गात. म्हणजे ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला असतो, त्यांच्यात.

२००८ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी १२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला नीट दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. पुढे जाऊन डायबिटिस होण्याची ही पायवाट. त्यामुळे बी १२ कमी असणं म्हणजे ‘जरा थकवा येतो’ एवढ्यावर संपणारी गोष्ट नाही. ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकते.

आणि हा प्रश्न म्हाताऱ्यांचा आहे असंही समजू नका. देशभरातल्या मुलांचं पोषण मोजणारी मोठी पाहणी २०१६ ते २०१८ दरम्यान झाली. त्यात १० ते १९ वयोगटातल्या ३१ टक्के मुलामुलींमध्ये बी १२ची कमतरता आढळली. लहान मुलांपेक्षा हे प्रमाण जवळपास दुप्पट. लहानपणी आई पाठीमागे लागून दूध पाजते, पुढे शाळा-कॉलेज-क्लासच्या धावपळीत दूध सुटतं आणि वडापाव सुरू होतो.

इथे ‘आम्ही काही शाकाहारी नाही’ म्हणणाऱ्यांनीही हसू नये. आपल्याकडचा मांसाहार कॅलेंडर बघून चालतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. श्रावण वेगळा, नवरात्र वेगळं, मार्गशीर्षातले गुरुवार वेगळे. उरलेल्या दिवसांत चिकन होतं ते रविवारी, त्यातही वाट्याला दोन फोडी आणि भरपूर रस्सा. असा माणूस स्वतःला नॉनव्हेज म्हणवतो, पण त्याचं बी १२ शेजारच्या शाकाहाऱ्यापेक्षा फार वर असेलच असं नाही.

शिवाय दोन प्रकारचे शाकाहारी असतात, हे आपण शहरात बसून विसरतो. एक मनाने शाकाहारी, दुसरा खिशाने. ज्याच्या घरात महिन्यातून एकदा मटण येतं आणि दूध फक्त चहापुरतं येतं, त्याला कुणी शाकाहारी म्हणत नाही, पण त्याचं शरीर तसंच जगतं. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येऊन, महिन्याच्या डब्यावर दिवस काढणारी हजारो मुलं याच गटात येतात. त्यांच्या डब्यात पोळी, बटाटा आणि पातळ वरण असतं. अभ्यासात लक्ष लागत नाही, दुपारी डोळे मिटतात, याचा दोष ती मुलं स्वतःच्या आळसाला देतात. कधीकधी दोषी डबाही असतो.

शरीर उशिरा बोंब मारतं

बी १२ यकृतात साठून राहतं. तो साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे दूध सोडून व्हीगन झालात तर पहिल्या वर्षी छान वाटतं, ‘बघा, मला काही झालं नाही’ म्हणून रीलही बनते. साठा संपत आला की मग हळूहळू कुरकुर सुरू होते. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, तोंड येणं, जिना चढताना धाप, विसरभोळेपणा, चिडचिड, उदास वाटणं. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशाचंही असू शकतं, म्हणून ते सहज दुर्लक्षित होतं. नसांचं नुकसान फार काळ चालू राहिलं तर नंतर औषध घेऊनही ते पूर्ण भरून येईलच याची खात्री नसते.

सगळ्यात काळजीची गोष्ट बाळांची. आईमध्येच बी १२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं. केवळ अंगावर पिणारी अशी काही बाळं सुस्त होतात, शिकलेल्या हालचाली विसरतात, त्यांचे हात थरथरतात. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला ओळखीचा आहे आणि तो टाळता येण्यासारखा आहे. आई होण्याच्या आधीच तिची तपासणी आणि उपचार झाले, तर बाळावर ही वेळ येणार नाही.

आता एक मुंबईची गोष्ट. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी गंभीर ॲनिमिया व्हायचा, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. यीस्टपासून बनवलेलं मार्माइट नावाचं स्वस्त पदार्थसत्त्व दिलं की त्या बायका सुधारतात, हे तिने १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज जगभर गरोदर बायकांना ही गोळी दिली जाते, त्याची सुरुवात आपल्या गिरणगावातल्या बायकांपासून झाली.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की फोलिक ॲसिड आणि बी १२ ही जोडगोळी आहे. बी १२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. आणि आपण नेमकं काय करतो? शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. बी १२ नसतं. गोळी चांगली आहे, ती बंद करू नका. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, तेव्हा लोह हवंच. पण जिथे तीनातल्या एका किशोरवयीन मुलामुलीला बी १२ कमी आहे, तिथे ते त्याच गोळीत घालायला काय हरकत आहे? पुण्याच्या त्याच संशोधक गटाने गावातल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी १२ देऊन अभ्यास केला. दोन मायक्रोग्रॅम! एवढ्या किरकोळ डोससाठी सरकारची तिजोरी रिकामी होणार नाही.

‘आजीने कुठे गोळ्या घेतल्या होत्या?’

या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, कारण तो प्रेमाने विचारलेला असतो.

पहिलं उत्तर असं की आजीचं बी १२ कुणी मोजलंच नव्हतं. हे व्हिटॅमिन शुद्ध स्वरूपात हाती लागलं १९४८ मध्ये. त्याची रचना डोरोथी हॉजकिनने १९५६ मध्ये उलगडली आणि अशा कामासाठी तिला १९६४ मध्ये नोबेल मिळालं. आजीच्या तरुणपणी गावातल्या दवाखान्यात ही तपासणी नव्हती. तिच्या पायाला मुंग्या यायच्या, ती गोष्टी विसरायची, लवकर दमायची. घरचे म्हणायचे, ‘वय झालं आता.’ कदाचित वयच झालं असेल. कदाचित नसेलही.

दुसरं, आजीच्या दारात गाय-म्हैस असेल तर घरात दूध-दुभतं होतं. आपल्याकडे पिशवी येते, तीही रूममेट्समध्ये वाटून. तिसरं, जे जगले तेच आजोबा आपल्याला आठवतात. जे गेले त्यांचे दाखले कुणी देत नाही.

‘मग तुमचा शाकाहार अपूर्णच की!’ असं कुणी म्हणालं तर त्यालाही उत्तर आहे. आपण सगळे आयोडीन घातलेलं मीठ खातो. त्याने कुणाचा आहार अपूर्ण ठरला नाही, गलगंड मात्र कमी झाला. पोल्ट्रीतल्या कोंबडीच्या खाद्यातही व्हिटॅमिनांचं मिश्रण घातलेलं असतं. म्हणजे मित्र गोळीच खातोय, फक्त कोंबडीमार्गे! शाकाहार कुणी धर्माने पाळतो, कुणी प्राण्यांवरच्या दयेने, कुणी पर्यावरणासाठी, तर कुणाला मांसाची चवच आवडत नाही. यातलं कुठलंही कारण एका गोळीने खोटं पडत नाही.

आणि हो, गोळीतलं बी १२ शाकाहारी असतं का? तर ते मोठ्या टाक्यांमध्ये बॅक्टेरिया वाढवून तयार करतात. त्यात प्राण्याचा संबंध नाही. लक्ष ठेवायचं ते कॅप्सूलच्या कवचावर, कारण ते बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी साधी गोळी मागावी. डी ३ घेत असाल तर तेही सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. शैवाल-दगडफुलाच्या जातीपासून केलेलं डी ३ही मिळतं. लेबल वाचायची सवय लावून घ्या.

बाकीच्या नऊ डब्यांचं काय?

आता उलट बाजू. ‘शाकाहारी म्हणजे कमतरताच कमतरता’ अशी भीती घालून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं आपल्या फळीवरच्या डब्यांत आधीच आहे. नाचणी आणि तिळात कॅल्शियम आहे. जवसाच्या चटणीत वनस्पतींतलं ओमेगा ३ आहे. मटकीला मोड आणले की त्यातलं लोह आणि झिंक शरीराला घेणं सोपं जातं. पोह्यांवर पिळलेलं लिंबू नुसतं चवीचं नसतं, त्यातलं व्हिटॅमिन सी पोह्यातल्या लोहाला आत शिरायला मदत करतं. आणि चहा-पोळी ही आपली लाडकी न्याहारी मात्र लोहाची वैरी आहे, कारण चहातले घटक लोह अडवतात. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवलंत तरी फरक पडतो. वरण-भात, उसळ, भाकरी, पालेभाजी, दही असं ताट रोज होत असेल तर मल्टिव्हिटॅमिनवाल्याचं तुमच्याकडे फारसं काम नाही. लोहाचं मात्र एक आहे. ज्या मुलींना पाळीत रक्तस्राव जास्त होतो त्यांनी हिमोग्लोबिन बघून डॉक्टरांना विचारावं. तिथे चटणी-लिंबावर भागत नाही.

व्हिटॅमिन डीचा शाकाहाराशी फारसा संबंधच नाही. ते मुख्यतः उन्हापासून बनतं आणि सकाळी आठला लोकल पकडून रात्री आठला परतणाऱ्याला ऊन मिळत नाही, मग तो मासे खाणारा असो की नसो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही उपयोगाचं नाही, लागणारे किरण काच अडवते. डी कमी असेल तर डॉक्टर ६० हजार युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्याला एक अशी देतात. ती रोजची समजून खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर संकट येऊ शकतं. डी शरीरात साठतं, म्हणून ‘जास्त घेतलं तर काय बिघडतं’ हा हिशोब इथे अजिबात चालत नाही.

केसांच्या गमीतलं बायोटिन? त्याची खरी कमतरता अगदी क्वचित असते. उलट मोठ्या डोसमधलं बायोटिन थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं. शिवाय गमी म्हटली की तिच्यात बऱ्याचदा साखर आलीच.

बी १२च्या डोसमध्येही मोठं दिसतं ते चांगलंच असं नाही. आपलं आतडं एका वेळी नीट पद्धतीने दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेऊ शकतं. त्यापुढचं फक्त सुमारे एक टक्का आत झिरपतं. बाजारात सहज मिळणारी गोळी १५०० मायक्रोग्रॅमची असते. तिच्यातलं पंधरा-सतरा मायक्रोग्रॅम शरीरात जातं, बाकीचं बाहेर. घेतल्याने सहसा अपाय होत नाही, पण रोज घ्यायचीही गरज नसते. ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी १९४४ पासून या विषयात आहे. दूधही न घेणाऱ्यांना तिचा सल्ला असा: रोज किमान १० मायक्रोग्रॅम घ्या, नाहीतर आठवड्याला किमान २००० मायक्रोग्रॅम. साधी स्वस्त गोळी यासाठी पुरते. नावापुढे ‘ॲडव्हान्स्ड’, ‘प्लस’, ‘गोल्ड’ लागलं की वाढते ती मुख्यतः किंमत.

मग करायचं काय?

शाकाहारी असाल, आठवड्यातून एखाद्या वेळीच मांसाहार करत असाल किंवा दूध बंद केलं असेल, तर एकदा बी १२ची तपासणी करून घ्या. ॲसिडिटीची गोळी महिनोन् महिने चालू असेल, डायबिटिस किंवा पीसीओएससाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर नक्कीच. ही औषधं बी १२ शोषून घेण्यात अडथळा आणतात. लग्न-बाळाचा विचार असलेल्या मुलींनी ते आधीच बघावं, सातव्या महिन्यात नव्हे.

आकडा फार खाली असेल तर डॉक्टर आधी इंजेक्शनं किंवा मोठ्या डोसच्या गोळ्या देतील. ते स्वतःच्या मनाने करू नका. आणि इथेच बहुतेक जण गडबड करतात. तीन महिन्यांनी आकडा वर येतो, ‘कोर्स संपला’ म्हणून गोळी बंद होते. पण ताटात तर काहीच बदललेलं नसतं! मग वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तीच लाल ओळ. बी १२ची कमतरता हा सर्दीसारखा बरा होऊन जाणारा आजार नाही. जोवर खाणं तेच आहे, तोवर छोटा डोस चालूच ठेवावा लागतो. रविवारी अंघोळ, रविवारी गोळी, असं लावून घेतलं तरी चालेल. फक्त डोस डॉक्टरांना विचारून ठरवा.

थोडं घराबाहेरही बघायला हवं. गेल्या काही वर्षांत रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ आलाय. त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी १२ मिसळलेले दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात. बी १२ किलोमागे साधारण एक मायक्रोग्रॅम, म्हणजे थोडंच, पण निदान आहे. अनेक घरांत मात्र हे वेगळे दिसणारे दाणे ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकले जातात. गावी गेलात तर हे दाणे काय आहेत ते दोन घरांत समजावून सांगा. दुसरीकडे, दुकानातून आणलेल्या इंद्रायणी-कोलममध्ये सहसा असं काही घातलेलं नसतं. पिशवीतल्या फोर्टिफाइड दुधात ए आणि डी मिसळतात, बी १२ नाही.

शाळेच्या पोषण आहाराचंही तेच. एका अंड्यातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी १२ मिळतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. त्यावर बराच वाद झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. ज्या घरात अंडं चालतं त्या घरच्या मुलाला ते मिळायला हवं. ज्या घरात चालत नाही, त्या मुलाला केळं देऊन बी १२चा प्रश्न सुटत नाही, केळ्यात ते नसतंच. त्याला दूध द्या, नाहीतर गोळी द्या. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना मुलांच्या तब्येतीची खरंच काळजी असेल, तर यावर तरी एकमत व्हायला हरकत नसावी.

आपल्यापुरतं सांगायचं तर हे काम फार सोपं आहे. पुढच्या वेळी कार्टमध्ये तीन गमींचे डबे टाकाल तेव्हा ते काढून टाका. त्या पैशात आधी एक रक्ततपासणी होईल आणि उरलेल्यात वर्षभराची साधी बी १२ची गोळीही बसेल. त्यातूनही काही शिल्लक राहिलं, तर मेसच्या काकांना सांगून दह्याची वाटी मोठी करून घ्या.